रविवारी तिकीट लागत नाही

आमच्या ख्रिस्ती घरात प्रवासाचा एक नियम होता. गाव कुठलंही असो, तिथलं देऊळ, म्हणजे चर्च, कुठे आहे आणि उपासना किती वाजता आहे याची चौकशी शनिवारी संध्याकाळीच करून ठेवायची. वडील रेल्वेत होते. दौंड, मनमाड, भुसावळ अशा बदल्या होत राहिल्या आणि प्रत्येक गावात आमची पहिली ओळख व्हायची ती रविवारच्या मंडळीशी. शाळेत नाव घालायच्या आधी शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, नाव पडलेलं असे. "आपण गावात नवे असू, पण मंडळीत जुनेच," असं ते म्हणायचे. सुट्टीत महाबळेश्वरला गेलो तरी हा नियम सुटला नाही आणि आम्ही भावंडांनी कधी कुरकुर केली नाही, कारण उपासनेनंतर उरलेला अख्खा दिवस आमचा असायचा. अभ्यास नाही, घरकाम नाही. आई पहाटे उठून रश्शाचं वाटण करून ठेवायची आणि दुपारनंतर तीही हातात काही घेत नसे. देवळात जाणं आणि नंतर मनसोक्त लोळणं हे एकाच दिवसाचे दोन भाग आहेत, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते घरातच होतं.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस ताईबरोबर इंग्लंडला गेले. तिचा मुलगा ऑक्सफर्डला संशोधन करतो. आठवडाभर त्याने आणि सूनबाईने आम्हाला खूप फिरवलं. कॉलेजं पाहिली, संग्रहालयं पाहिली, ज्या त्या दारात रांगेत उभ्या राहिलो. शनिवारी रात्री ताईने भाच्याला विचारलं, "उद्या उपासना कुठे आहे रे?" तो जरा थबकला. तिथे आल्यापासून त्याचं देवळात जाणं सुटलंय, हे ताईला माहीत होतं आणि त्यावर ती काही बोलणार नव्हती. त्याने मुकाट्याने फोन काढला आणि घराजवळच्या एका पॅरिश चर्चची वेळ शोधून दिली. संध्याकाळसाठी क्राइस्ट चर्च कॅथेड्रलचं नाव मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्ट होता, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. या सणाचा रंग लाल, म्हणून ताईने लाल काठाची साडी मुद्दाम पुण्याहून आणली होती.

ऑक्सफर्डबद्दल मला वेगळी ओढ होती, ती विद्यापीठामुळे नव्हे. मी लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय हे आमचं देऊळ. 1885 साली बांधलेलं, दगडी, शेजारी उंच घंटामनोरा. पंचहौद मिशनची उभारणी ज्यांनी केली ते काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स. यातलं काउली म्हणजे ऑक्सफर्डचंच उपनगर. तिथे 1866 साली रिचर्ड बेन्सन या पाळकाने संन्यस्त पुरुषांचा संघ काढला. वाँटेज हे तिथून पंचवीस-एक किलोमीटरवरचं छोटं गाव. तिथला स्त्रियांचा संघ 1848 सालचा आणि त्या सिस्टर्स 1877 मध्ये पुण्यात पोहोचल्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या बोलण्यात 'वाँटेजच्या सिस्टरा' इतक्या सहज यायच्या की हे गाव सासवडच्या पलीकडे कुठेतरी असावं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सकाळचं चर्च अगदी साधं होतं. पर्यटक ज्याचा फोटो काढणार नाहीत असं. आत साठ-सत्तर माणसं असतील, त्यात अर्ध्याहून अधिक सत्तरीपुढची. पण उरलेल्यांत नायजेरियातली दोन कुटुंबं, एक केरळी जोडपं, लहान मुलीला कडेवर घेऊन आलेला एक तरुण बाप, बहुधा पूर्व युरोपातला. दारात एका आजीबाईंनी गीतांचं पुस्तक हातात दिलं, नाव विचारलं, गाव विचारलं. "पुणे" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आम्हाला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं. वेदीवर लाल वस्त्र अंथरलेलं. उपासना चालवायला एक पाळकबाई होत्या. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायला 1994 साली सुरुवात केली. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरून ताठ बसली. आमच्या आईला वचनं तोंडपाठ होती, पाळकांच्या उपदेशातल्या चुका ती घरी येऊन सांगायची. तिला या दृश्यात बसवून पाहावं असं आम्हा दोघींच्याही मनात आलं होतं, हे नंतर बोलण्यातून कळलं.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला गेला. यरुशलेमेत जमलेले पार्थी, मेदी, एलामी, प्रत्येकाला आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली, तो अध्याय. उपदेश दहा मिनिटांत आटोपला. नंतर पाळकबाई म्हणाल्या, प्रभूची प्रार्थना आज प्रत्येकाने आपल्या भाषेत म्हणा, मोठ्याने म्हणा. आणि सगळं देऊळ एकदम बोलायला लागलं. इंग्रजी होतंच, मागून मल्याळम आलं, बाजूने मला न कळणाऱ्या दोन-तीन भाषा. मी आणि ताईने सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". आम्ही दोघीच होतो, तरी आवाज खणखणीत लागला, कारण लहानपणापासून ही प्रार्थना आम्ही एका सुरात म्हणत आलोय. आमचं थोडं संथ चालतं. बाकीचे 'आमेन'पर्यंत पोहोचले तेव्हा आमची शेवटची ओळ शिल्लक होती. पाळकबाई थांबल्या. सगळी मंडळी थांबली. त्या शांततेत आमची मराठी ओळ पूर्ण झाली आणि मग सगळ्यांनी पुन्हा एकदा 'आमेन' म्हटलं.

प्रभुभोजनाला वेदीपुढे गुडघे टेकले तेव्हा माझ्या एका बाजूला ताई आणि दुसऱ्या बाजूला तो कडेवर मूल घेतलेला बाप होता. भाकरीचा तुकडा, द्राक्षारसाचा घोट, परत जागेवर. पुण्यात रविवारी मी सदैव कुठल्या ना कुठल्या कामात असते. गायकवृंद, शब्बाथ शाळेची मुलं, दानाचा हिशेब, नंतरचा चहा. नुसतं येऊन बसणं, घेणं आणि परत जाणं हे माझ्या वाट्याला फार कमी आलंय. त्या दिवशी मला कुणी काही काम सांगितलं नाही. वडिलांच्या वाक्याचा अर्थ मला नव्याने लागला. मंडळीत जुने असणं म्हणजे काम अंगावर असणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं होती. पंचहौदच्या माणसाच्या हातात चर्चमधला चहा आला की 1890 साल आठवतंच. त्या वर्षी मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसताच कप हातात धरला, नावं छापून आली आणि शहरात केवढं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, माजलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ही हकीकत पुण्यात आजही हसत सांगतात. मला ती तशी सांगता येत नाही. ज्यांच्या हातचा चहा घेतल्याने माणूस बाटतो असं ठरलं, ते हात आमच्या पणज्यांचे असतील. इथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला कप देताना दोन्ही हातांनी दिला, कारण त्यांचे हात थरथरत होते. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

परत जाताना इफ्ली रोडने गेलो. वाटेत काउली फादर्सचं मोठं चर्च लागतं, 1896 सालचं. फादर्स 1980 मध्ये तिथून गेले. आता तिथे पाळकांना शिक्षण देणारी संस्था आहे आणि चर्चमध्ये संगीताच्या मैफलीही होतात. दार बंद होतं. आम्ही फुटपाथवर उभ्या राहून भिंतीकडे पाहिलं. ताईने विचारलं, "इथून निघून गुरुवार पेठेत यायचं त्यांच्या मनात आलं तरी कसं असेल गं?" मी म्हटलं, "आणि आपल्याकडून इकडे आलेल्यांचं काय?"

कारण माणसांची ये-जा दोन्ही बाजूंनी झाली, हे आपण फार विसरतो. निळकंठशास्त्री गोरे यांचं घराणं कोकणस्थ, वाढले काशीत, शास्त्रार्थात पटाईत. मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि 1848 मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे फादर नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले. 1870च्या दशकात काउली फादर्सच्या संघात उमेदवारी करायला ते इथेच येऊन राहिले होते. संस्कृत षड्दर्शनं मुखोद्गत असलेला माणूस या थंडीत, या रस्त्यावर. आणि पंडिता रमाबाई. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून दुसऱ्या वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेजला आल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा तिथे झाला. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही.

रमाबाईंचा आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. भक्ती आणि वाद दोन्ही एकाच शाईने लिहिलेले आहेत. सिस्टर्सच्या वात्सल्याबद्दल रमाबाई कृतज्ञ आहेत, पण आपल्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवलेलं त्यांना चालत नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरण्याला त्यांनी हरकत घेतली. संस्कृत का नको, असं विचारलं. ती देवांची भाषा आहे म्हणून नव्हे, माझ्या देशाची सुंदर, प्राचीन भाषा आहे म्हणून मी ती धरून राहीन, असा त्यांचा युक्तिवाद होता. पंचविशीतली बाई, विधवा, परदेशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला, बरोबर पोर. आणि ज्यांच्या घरी राहते त्यांनाच ती सांगते आहे की ख्रिस्त मी स्वीकारला, पण त्याच्याबरोबर तुमचं सगळंच मी घेईन असं धरू नका.

शाळेत शिकवत असताना एक सहकारी मला नेहमी विचारायच्या, "तुमचं मूळ तिकडचंच ना, इंग्रजांकडचं?" त्यात वाईट हेतू नसायचा. नाताळला आमच्याकडे येऊन करंज्या खाणाऱ्या बाई होत्या त्या. पण दरवेळी मला पहिल्यापासून सांगावं लागायचं. पुण्यातलं सिटी चर्च 1792 सालचं आहे, त्याला जागा सवाई माधवरावांनी दिली, पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक शिपाई होते म्हणून. तेव्हा इथे इंग्रजांचं राज्यही नव्हतं. सांगून झालं की त्या म्हणत, "हो का? ठाऊक नव्हतं." पुढच्या नाताळात तोच प्रश्न. इफ्ली रोडवर त्या बंद दारासमोर मला त्या बाईंची फार आठवण झाली. त्यांना तिथे आणून उभं करावं आणि म्हणावं, पाहा, मूळ शोधत इथवर आले, आणि इथेही आपलीच माणसं आधी येऊन भांडून गेलेली आहेत.

दुपारी सूनबाईने वरण-भात आणि माशाचं कालवण केलं होतं. जेवून आम्ही तिघी-चौघं इफ्ली गावाकडे निघालो. गाव म्हणायचं, पण ते शहराला लागूनच आहे. तिथलं सेंट मेरी चर्च बाराव्या शतकातलं, 1160च्या आसपासचं. पश्चिमेच्या दारावर कमानीभोवती नागमोडी नक्षी आणि चोची असलेल्या विचित्र पशूंच्या रांगाच रांगा कोरलेल्या आहेत. साधारण आपल्याकडच्या यादवकालीन देवळांच्याच काळातलं. तेराव्या शतकात अ‍ॅनोरा नावाची एक विधवा बाई या चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन नऊ वर्षं राहिली, प्रार्थनेसाठी. ताईला हे मुळीच आवडलं नाही. "देवाने रविवार दिला तो दार उघडून बाहेर पडायला," ती म्हणाली आणि नदीकडे चालू लागली.

इफ्लीचं लॉक, म्हणजे नदीतलं होड्यांचं फाटक, ओलांडलं की थेम्सच्या काठाने थेट शहरापर्यंत पायवाट आहे. ऑक्सफर्डमध्ये या नदीला आयसिस म्हणतात. काठावर गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, पाण्यात बदकं, हंस, मधूनच लांबट अरुंद होड्या. लोक नुसते पसरले होते. कुणी पुस्तक तोंडावर ठेवून झोपलंय, कुणी मुलांना पाव खायला देतंय, एक आजोबा खुर्ची टाकून नदीकडे पाहत बसलेले, हातात काही नाही. मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवायची, असा तिथे 1994 पासून कायदा आहे. त्यामुळे शहराचा वेगही उतरलेला. आम्ही एका झाडाखाली चादर अंथरली. भाचा पाच मिनिटांत घोरायला लागला. ताईने त्याच्या तोंडावर येणारं ऊन आपल्या पदराने अडवलं आणि तशीच बसून राहिली, तासभर.

मला मात्र झोप आली नाही. एक जुना विचार डोक्यात होता आणि तिथल्या सावलीत तो नीट मांडून झाला. शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, चौथी आज्ञा आपण 'पवित्रपणे पाळ' इथवर म्हणतो आणि थांबतो. बायबलमधल्या निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती पुढे जाते. तू काम करू नको, तुझ्या मुलाने, मुलीने, दासाने, दासीने, गुराढोराने आणि तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानेही करू नये. म्हणजे विश्रांती ही मालकाने चाकरालाही द्यायची आहे. आज्ञेचा खरा भार या यादीवर आहे. आणि महाराष्ट्रात ही आज्ञा कुणी पाळायला लावली? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मुंबईतले गिरणी कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत होते. लोखंड्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या बाजूचा एक मुद्दा होता.

साहेब चर्चला जायचा म्हणून रविवारी सुट्टी, असं आपल्याकडे सर्रास समजतात. साहेब चर्चला जात असतानाही गिरणी चालूच होती! साहेबाच्या देवाने सांगितलेली गोष्ट साहेबाच्या राज्यात अमलात आणायला एक सत्यशोधक माळी पुढे यावा लागला आणि त्याने ती खंडोबाच्या नावाने मागितली. पंचहौदपासून महात्मा फुले वाडा चालत्या अंतरावर आहे. आमच्या शब्बाथ शाळेत मी मुलांना चौथी आज्ञा शिकवते तेव्हा लोखंड्यांची गोष्ट सांगते. काही पालकांना ते विषयांतर वाटतं. मला वाटत नाही. आमच्या मंडळीतल्या बऱ्याच बाया दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जातात. सकाळची दोन घरं उरकून त्या धावतपळत उपासनेला येतात आणि प्रभुभोजन झाल्याबरोबर तिसऱ्या घराकडे निघतात. त्यांच्या वाट्याला नदीकाठची दुपार कधी येणार, हा प्रश्न उपासनेबाहेरचा कसा असेल?

पाच वाजता उठलो. काठाकाठाने फॉली ब्रिज, तिथून क्राइस्ट चर्चचं कुरण. लांब शिंगांची गुरं चरत होती. क्राइस्ट चर्च हे कॉलेजही आहे आणि त्याचं चॅपल हेच ऑक्सफर्डच्या बिशपांचं कॅथेड्रल. कार्डिनल वुल्सींनी 1525 साली सुरुवात केली, राजा आठव्या हेन्रीने 1546 मध्ये आजचं रूप दिलं. सिनेमामुळे प्रसिद्ध झालेला इथला जेवणाचा हॉल पाहायला जगभरातून लोक येतात. आठवड्यात आम्हीही तिकीट काढून, कानाला यंत्र लावून, दोरीच्या अलीकडून सगळं पाहून गेलो होतो. फाटकावर गोल काळी टोपी घातलेले रखवालदार असतात. त्या दिवशी आम्ही गेल्यावर त्यांनी विचारलं, कशासाठी? ताईने सांगितलं, "उपासनेसाठी." त्यांनी टोपीला हात लावला आणि बाजूला झाले. तिकीट नाही, यंत्र नाही. तीन दिवसांपूर्वी जिथे उभं राहायलाही मनाई होती, त्या लाकडी आसनांत, गायकवृंदाच्या अगदी शेजारी, आम्हाला नेऊन बसवलं. भाचाही आला होता. बाहेर थांबतो म्हणाला होता, पण आईच्या मागोमाग आत शिरला आणि बसला.

संध्याकाळची ती गायलेली उपासना सोळाव्या शतकात आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी बांधली. मठातल्या सायंकाळच्या दोन प्रार्थना एकत्र करून, लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत. त्याच क्रॅन्मरना 1556 मध्ये इथून चालत पाच-सात मिनिटांवर जाळण्यात आलं. या उपासनेत मंडळीला जवळजवळ काहीच करायचं नसतं. उभं राहायचं, बसायचं, ऐकायचं. आधी मला वाटलं होतं, हे मला जमणार नाही. आमच्याकडे टाळ्या, पेटी, तबला, नारायण वामन टिळकांची भजनं, सगळी मंडळी गळा मोकळा करून गाणारी. पण सकाळपासूनच्या दिवसाने मला रिकामं बसायला शिकवलं असावं.

गायकवृंद समोरासमोर दोन ओळींत उभा राहतो. स्तोत्राचा एक चरण या बाजूने, पुढचा त्या बाजूने. पेंटेकॉस्टच्या संध्याकाळी 104वं स्तोत्र गायचं, असा जुन्या प्रार्थनापुस्तकातला नेम आहे. डोंगरातून झरे सोडणारा देव, रानगाढवांची तहान भागवणारा, सिंहाच्या छाव्यांना खाऊ घालणारा. सूर्य उगवला की मनुष्य कामाला जातो आणि संध्याकाळपर्यंत श्रम करतो, हीही ओळ त्यातच आहे. चरण इकडून तिकडे जात होते आणि मला एकदम कीर्तनातल्या टाळकऱ्यांच्या दोन समोरासमोरच्या ओळी दिसल्या. तशीच झेल, तसाच श्वास सांभाळून घेणं. पाठीमागे पाचशे वर्षांचा गायकवृंद आणि डोळ्यांपुढे आळंदीचा रस्ता. टिळकांनी ख्रिस्ताचं कीर्तन केलं तेव्हा त्यांना हेच कळलं असणार.

मग मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं, गीत आलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं. नासरेथची एक गरीब, पोटुशी मुलगी गाते, की देवाने सत्ताधाऱ्यांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना भरपूर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हाताने लावून दिलं. हे गीत त्या आसनांत बसून ऐकताना अंगावर काटा आला. इंग्लंडचे तेरा पंतप्रधान या एका कॉलेजातून निघाले. गव्हर्नर जनरल डलहौसी इथला. कॅनिंग इथला. रिचर्ड वेलस्ली इथलाच. त्याच्याच कारकिर्दीत दुसऱ्या बाजीरावाने 1802 मध्ये वसईचा तह केला आणि पुण्याचं राज्य गहाण पडलं. ही सगळी माणसं तरुणपणी या छताखाली बसली. 'सत्ताधाऱ्यांना खाली ओढलं' हे त्यांच्या कानांवर किती वेळा पडलं असेल! आणि तरीही ती आपल्याकडे आली ती तशी आली.

पण गीत त्यांनी लिहिलेलं नव्हतं आणि त्यांच्या मालकीचंही नव्हतं. ते त्यांच्या आधीचं, आणि त्यांच्या विरुद्ध जाणारं. हे मला त्या क्षणी जितकं लख्ख दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. 'तुमचं मूळ इंग्रजांकडचं ना' या प्रश्नाला मी इतकी वर्षं सनावळ्यांनी उत्तर देत आले. उत्तर या गीतात होतं. माझं मूळ या मुलीकडे आहे. जो तिच्या बाजूने उभा राहील त्याच्याकडे हे गीत येतं. रमाबाईंकडे आलं. धुणीभांडी उरकून धावत येणाऱ्या आमच्या बायांकडे तर ते न मागता येतं.

बाहेर पडलो तेव्हा आठ वाजत आले होते आणि ऊन होतं. भाचा म्हणाला, "मावशी, ते दोन बाजूंनी गाणं मस्त होतं. आपल्याकडे असं का नाही करत?"

परत आल्यावर मी तोच प्रश्न पंचहौदच्या गायकवृंदापुढे ठेवला. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी एक स्तोत्र दोन ओळींत उभं राहून, मराठीत, समोरासमोर गायचं. सगळे तयार झाले आणि लगेच दोन तट पडले. ऑर्गन वाजवणाऱ्या काकांचं म्हणणं, चाल इंग्रजीच ठेवा, ती या पद्धतीसाठीच घडली आहे. तबल्यावर बसणाऱ्या मुलाचं म्हणणं, ओवीच्या चालीत घ्या, टाळ द्या आणि मंडळीलाही दोन भागांत वाटा, नुसतं ऐकत कुणी बसायचं नाही. मी तबल्याच्या बाजूची आहे, हे मी स्पष्ट सांगितलंय. काका ऐकायला तयार नाहीत. 104व्या स्तोत्राचे पहिले नऊ चरण ओवीत बसलेत. दहाव्यापाशी, जिथे झरे डोंगरांमधून वाहायला लागतात, तिथे लय अडते. त्यासाठी शुक्रवारी सातला पुन्हा जमायचं ठरलंय आणि काकांनी तेवढ्यात स्वतःची एक चाल लिहून आणतो म्हणून सांगितलं आहे.